स्वतःच्या शरीराची वेठबिगारी

भुकेचा प्रश्न हा समाजवादी चळवळीचा जन्मप्रश्न होय. दुष्काळी कामांवर, रेशनच्या दुकानापुढे, गिरणीच्या दारात चळवळ उभी राहिली ती भुकेला वाचा फोडण्यासाठी. त्यामुळे भरल्या ताटापुढे बसलेली एखादी तरुण मुलगी अन्न नाकारते, आणि वर पहाटे व रात्री शरीर मोडेपर्यंत धावते असे कोणी सांगितले, तर कार्यकर्त्याची पहिली प्रतिक्रिया उपहासाची असते. ज्या देशात कोट्यवधींना पोटभर मिळत नाही, त्या देशात हे श्रीमंतांच्या लेकींचे चोचले होत, असा निकाल देऊन तो मोकळा होतो. हा निकाल अज्ञानातून येतो आणि तो महागात पडतो. अतिरेकी व्यायाम आणि बिघडलेले खाणे यांची जी सांगड आज तरुण मुलींच्या आयुष्यात पडते आहे, तिच्यामागे सत्ता आहे, बाजार आहे आणि स्त्रीच्या शरीरावरील मालकीचा जुनाच दावा आहे. म्हणजेच हा प्रश्न जितका डॉक्टरांचा, तितकाच राजकारणाचाही आहे.

अमेरिकेतील मिसुरी राज्यात वाढलेल्या क्रिस्टी हेन्‍रिक या जिम्नॅस्टची कहाणी या संदर्भात ध्यानात घ्यावी अशी आहे. १९८८ साली बुडापेस्ट येथील स्पर्धेच्या वेळी एका अमेरिकन पंचाने तिला सांगितले की, ऑलिंपिक संघात यायचे असेल तर वजन उतरवावे लागेल. त्या वेळी ती पंधरा वर्षांची होती आणि अंगाने मुळीच स्थूल नव्हती. त्या वर्षी तिचा संघप्रवेश ०.११८ गुणांनी हुकला. पुढल्याच वर्षी स्टुटगार्ट येथील जागतिक स्पर्धेत असमान उंचीच्या दांड्यांवरील प्रकारात ती चौथी आली. दुखापती अंगावर घेऊन सराव करणारी म्हणून तिचे कौतुक होई. 'जादा चिवट' अशा अर्थाचे टोपणनावही तिला मिळाले होते. ज्या चिवटपणाचे कौतुक झाले, त्याच चिवटपणाने तिने अन्न सोडले. १९९१ मध्ये तिला खेळ सोडावा लागला आणि २६ जुलै १९९४ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, शरीरातील एकेक अवयव निकामी होऊन ती मरण पावली. जगातील सर्वांत संपन्न देशात, अन्नाची कोठारे ओसंडत असताना, एक मुलगी उपासमारीने गेली. हिला चोचले म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

या विकाराची वैद्यकीय ओळख नवी नाही. १८७३ साली लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव रूढ केले, तेव्हाच त्यांनी एक विलक्षण गोष्ट टिपून ठेवली होती. अस्थिपंजर झालेली रुग्ण मुलगी निपचित पडून न राहता सारखी हिंडत-फिरत असे, आणि इतक्या क्षीण देहाला ही हालचाल झेपते तरी कशी याचे त्यांना नवल वाटले. पुढील दीडशे वर्षांत हे निरीक्षण वारंवार खरे ठरले आहे. या विकाराने ग्रासलेल्यांपैकी पुष्कळ जणींमध्ये व्यायामाची अनिवार ओढ आढळते. आणि मनोविकारांपैकी ज्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक असते, त्यांत या विकाराची गणना होते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पुष्कळ व्यायाम करणे हा रोग नव्हे. शेतमजूर स्त्री दिवसभर राबते, खेळाडू मुलगी तासन्‌तास सराव करते. त्यांना कोणी रोगी म्हणत नाही. रोगाची खूण तासांत किंवा मैलांत सापडत नाही, ती सक्तीत सापडते. ताप असो, पाय मुरगळलेला असो, धावल्याशिवाय राहवत नाही. एक दिवस चुकला तर अपराध्यासारखे वाटते. घासभर अधिक खाल्ले तर त्याची 'फेड' म्हणून रात्री दार लावून व्यायाम होतो. आधी घाम गाळावा आणि मगच जेवण्याचा हक्क मिळवावा, असा हिशेब मनात सतत चालू राहतो. व्यायाम जेव्हा आनंद राहत नाही आणि दंड बनतो, तेव्हा समजावे की काही बिघडले आहे.

ही सांगड इतकी घट्ट का पडते, याचा काहीसा उलगडा प्रयोगशाळेत झाला आहे. १९६७ साली राउटेनबर्ग आणि कुझनेसॉफ या संशोधकांनी उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना दिवसातून एकदाच, मोजक्या वेळेपुरते अन्न दिले आणि पिंजऱ्यात फिरते चाक ठेवले. ते दिवसेंदिवस अधिक धावू लागले, अन्न समोर असताना कमी खाऊ लागले आणि अखेर मरणपंथाला लागले. तेवढाच वेळ अन्न मिळालेले, परंतु चाक नसलेले उंदीर मात्र त्या वेळापत्रकाशी जुळवून घेऊन जगले. उपासाने धावणे वाढते आणि धावण्याने उपास वाढतो, असे हे चक्र आहे. उंदराला ना आरसा ठाऊक, ना जाहिरात. तेव्हा एकदा हे चक्र सुरू झाले की केवळ 'मनाचा निश्चय' करून ते थांबत नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो. मुलीला 'हट्ट सोड आणि जेव' असे दटावणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तो अवश्य घ्यावा.

दुसरा प्रयोग माणसांवरचा आहे आणि युद्धविरोधी परंपरेतील वाचकांना तो जवळचा वाटावा. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घेण्यास सद्‌सद्‌विवेकबुद्धीने नकार देणाऱ्या ३६ अमेरिकन तरुणांनी, युद्धग्रस्त युरोपातील भुकेल्यांचे पुनर्वसन कसे करावे हे समजावे म्हणून, स्वेच्छेने उपासमार पत्करली. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांच्या देखरेखीखाली हा प्रयोग झाला. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवले गेले आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे सक्तीचे होते. धडधाकट, ध्येयवादी असे ते तरुण पाहता पाहता बदलले. त्यांना अन्नाखेरीज दुसरे काही सुचेना. कोणी पाककृतींची पुस्तके जमवू लागला, कोणी एकेक घास तासभर चघळू लागला. खिन्नता आली, चिडचीड आली, माणसे आपापल्या कोशात गेली. प्रयोग संपल्यावरही कित्येकांचे खाणे दीर्घकाळ ताळ्यावर आले नाही. उपासमार मनाला रोगी करते, हे या शांतिवाद्यांनी स्वतःच्या देहाची किंमत मोजून दाखवून दिले. भुकेल्या मुलीचे विचित्र वागणे हे पुष्कळदा तिच्या स्वभावाचे नसून भुकेचे असते.

शरीरात काय घडते तेही कार्यकर्त्यांनी, विशेषतः शाळा-महाविद्यालयांत काम करणाऱ्यांनी, समजून घेतले पाहिजे. शरीराला मिळणारी ऊर्जा आणि व्यायामात खर्च होणारी ऊर्जा यांत मोठी तूट पडली की मेंदू काटकसर सुरू करतो. जगण्यास तातडीने लागत नाही ते तो आधी बंद करतो. त्यात पहिला बळी जातो तो बहुधा मासिक पाळीचा. ॲन लाउक्स या अमेरिकन संशोधिकेने असे दाखवून दिले की, व्यायामाचा ताण हे पाळी बिघडण्याचे मूळ कारण नसून ऊर्जेची तूट हे ते कारण आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अवघ्या पाच दिवसांच्या तुटीने संप्रेरकांची लय ढळलेली दिसली. पाळी थांबली की हाडांना लागणारे इस्ट्रोजेन घटते. हाडांची बहुतेक पुंजी किशोरवयात आणि तारुण्याच्या आरंभी साठते. ती त्या वेळी साठली नाही तर पुढे पुरतेपणी भरून निघणे कठीण असते. विशीतील मुलीची हाडे साठीतील स्त्रीसारखी ठिसूळ होतात आणि धावता धावता पिचतात. बिघडलेले खाणे, बंद पडलेली पाळी आणि ठिसूळ हाडे या त्रयीला १९९२ मध्ये अमेरिकेतील क्रीडावैद्यकांनी एकत्र नाव दिले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी ही कल्पना रुंदावली: ऊर्जेच्या तुटीचा फटका हृदय, रक्त, पचन, प्रतिकारशक्ती आणि मन या सर्वांना बसतो, आणि तो पुरुष खेळाडूंनाही बसतो.

एवढे ज्ञान हाती असताना मुली आजारी का पडत राहतात? कारण ज्ञान एकीकडे आणि सत्ता दुसरीकडे आहे. अमेरिकन धावपटू मेरी केन हिने २०१९ साली जाहीरपणे सांगितले की, नायकी कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या प्रशिक्षण-प्रकल्पात तिच्यावर सतत वजन घटवण्याचा दबाव होता, सहकाऱ्यांदेखत तिचे वजन केले जाई, तीन वर्षे तिची पाळी बंद होती आणि पाच हाडे मोडली. तिच्या प्रशिक्षकाने हे आरोप नाकारले. परंतु तिच्यामागून इतरही बोलू लागल्या. ब्रिटनमध्ये जिम्नॅस्टिक्समधील छळाच्या तक्रारींची चौकशी ॲन व्हाइट यांच्याकडे सोपविण्यात आली. जून २०२२ मधील त्यांच्या अहवालापूर्वी चारशेहून अधिक निवेदने आली होती, आणि अहवालात लहान मुलींचे वारंवार वजन करणे, त्यावरून त्यांना अपमानित करणे, अन्न रोखणे यांची नोंद झाली. शिकणारी मुलगी अल्पवयीन, शिकविणारा सर्वाधिकारी, आणि संस्थेला हवे पदक! या व्यवस्थेत रोग हा अपघात राहत नाही. कारखान्यात निघणाऱ्या धुरासारखा तो उत्पादनाचाच एक भाग होतो.

खेळाच्या मैदानाबाहेरही तोच तराजू टांगलेला आहे. फिजी बेटांतील नाद्रोगा भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. तेथे भरदार बांध्याच्या स्त्रीला मान होता; पाहुण्याला आणि लेकीला आग्रहाने वाढणे हा तेथला लोकाचार होता. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी शाळकरी मुलींची पाहणी त्या वर्षी केली आणि तीन वर्षांनी पुन्हा केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. १९९८ मध्ये अशा मुलींचे प्रमाण ११.३ टक्के झाले, आणि आपण फार जाड आहोत असे कधी ना कधी वाटते म्हणणाऱ्या मुली सुमारे तीन-चतुर्थांश होत्या. डॉ. राममनोहर लोहियांनी गोऱ्या कातडीच्या मोहाबद्दल लिहिताना हेच बजावले होते की, सौंदर्याची कल्पना आकाशातून पडत नाही, जगावर ज्यांचे राज्य चालते त्यांचे रूप सुंदर ठरते. त्यांच्या सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समता पहिली आणि वर्णावर आधारलेल्या विषमतेविरुद्धचा लढा लगेच पुढचा, हा क्रम अकारण नव्हता. कातडीच्या रंगाची जी गोष्ट, तीच आता कंबरेच्या मापाची झाली आहे.

बाजाराची करामत अशी की, तो एकाच हाताने दोन्ही माल विकतो. एका फलकावर तळलेले, गोड, डबाबंद खाणे. शेजारच्या फलकावर ते खाल्ल्याच्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून जिमची वर्गणी, भुकटीचे डबे, पावले मोजणारी घड्याळे. जुन्या वेठबिगारीत जमीनदाराला मुकादम ठेवावा लागे. या नव्या वेठबिगारीत मुकादमाचा पगारही वाचला आहे, कारण तो मुलीच्या मनातच बसविला आहे. ती स्वतःच स्वतःची हजेरी घेते, स्वतःच दंड आकारते, आणि या श्रमातून ना धान्य पिकते ना कापड निघते. निघते ते केवळ आणखी एक असमाधान, ज्यावर पुढचा माल खपतो.

आता 'हा गरिबांचा प्रश्न नव्हे' या आक्षेपाचा सरळ विचार करावा. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे मैदानावर जावे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली तेथे धावत असतात. ८०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक यांतील प्रत्येक गुणावर त्यांची नोकरी, बहुधा घराचे कर्ज आणि स्वतःचे लांबणीवर टाकलेले लग्न अवलंबून असते. या मुलींना ना कोणता विकार आहे, ना बारीक होण्याची हौस. परंतु त्यांच्यापैकी अनेकींचे ताट खाणावळीच्या दोन पोळ्यांचे आणि पातळ वरणाचे असते, आणि खर्च मात्र धावपटूचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हे लक्षात घेतले म्हणजे या मुली कोणत्या भांडवलावर धावतात ते कळते. ऊर्जेची तूट आदर्शापायी पडली की दारिद्र्यापायी, असे शरीर विचारीत नाही. मिसुरीच्या मुलीची पाळी ज्या नियमाने थांबते, त्याच नियमाने मराठवाड्यातल्या मुलीचीही थांबते. फरक इतकाच की, एकीच्या वाट्याला उशिरा का होईना रुग्णालय आले. दुसरीच्या बाबतीत पायाचे हाड पिचले तर 'भरती हुकली' एवढीच नोंद होते.

पाळी थांबली तर 'बरे झाले, कटकट गेली' असे म्हणणारे प्रशिक्षक सर्वत्र आढळतात. हा विचार महाराष्ट्राला अपरिचित नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. खाडा पडू नये, दंड बसू नये म्हणून स्त्रीने शरीराचा एक भागच काढून टाकावा, इथवर कामाची सक्ती जाऊ शकते. ऊसतोडीचा कोयता आणि मैदानावरचा तराजू या दोहोंना स्त्रीचे शरीर हवे आहे. त्या शरीराचा धर्म मात्र नको आहे.

आणि घरातले काय? ज्या समाजात सर्वांत शेवटी, उरलेले खाते ती गृहिणी आदर्श ठरते, आठवड्यातून दोन उपास करणारी सून गुणी ठरते, तेथे मुलीने जेवण कमी केले तर ते महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात आले तर 'लग्नाच्या दृष्टीने बरेच' म्हणून समाधान वाटते. साधेपणाचा आणि आत्मक्लेशाचा आदर करणाऱ्या चळवळीनेही आत्मपरीक्षण करावे. शिबिरात स्वयंपाक करून शेवटी बसणाऱ्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या 'त्यागा'चे गोडवे गायले जातात, तेव्हा भुकेल्या स्त्रीची पूजा करणारी तीच जुनी रूढी पुरोगामी वेशात हजर असते. उपोषण हे अन्यायाविरुद्ध उपसलेले शस्त्र आहे. स्वतःच्या देहाविरुद्ध ते उपसले जाऊ लागले, तर त्याला त्याग म्हणता येत नाही.

याचा अर्थ मुलींनी मैदान सोडावे असा मुळीच नाही. मैदान मुलींनी झगडून मिळविले आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक मिळविले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. दुष्काळी आणि आदिवासी भागातील हजारो मुलींसाठी घराबाहेरचे पहिले पाऊल हे धावण्याचे पाऊल आहे. ते मागे घेण्याचा सल्ला देणारे तिचे हितचिंतक नव्हेत. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे विनेश फोगट १०० ग्रॅमसाठी अपात्र ठरल्या तेव्हा देश हळहळला. आदल्या रात्रभर वजन उतरविण्यासाठी त्यांनी केलेले कष्ट आणि कापलेले केस यांच्या कथा घरोघर सांगितल्या गेल्या. तो मनोविकार नव्हता, खेळाच्या नियमाने लादलेली सक्ती होती. पण हळहळणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारले की, खेळाडूने स्वतःला सुकवून घ्यावे ही रीत पडली कशी, आणि तिचे गावोगावच्या तालमींतील कोवळ्या मुली कसे अनुकरण करीत असतील?

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. शाळा, क्रीडा प्रबोधिन्या आणि भरतीच्या अकादम्या यांत मुलींचे जाहीर वजन करणे आणि वजनावरून टोमणे मारणे यांना बंदी असावी. प्रत्येक तालुक्याच्या मैदानाशी स्त्री-डॉक्टर जोडलेली असावी आणि पाळीविषयीचा प्रश्न नाडीच्या प्रश्नाइतकाच सहज विचारला जावा. शालेय पोषण आहार आठवीशी थांबतो. नेमकी हाडे साठण्याच्या वयात मुलीचे ताट काढून घेण्याचे कारण नाही, तो बारावीपर्यंत न्यावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क कागदावर दिला आहे. जिल्हा रुग्णालयात खाण्याच्या विकारांचे जाणकार नेमून तो प्रत्यक्षात आणावा. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील १९८० च्या दशकातील प्रयोगांपासून हे दिसून आले आहे की, किशोरवयीन मुलीच्या बाबतीत आईवडिलांना दोष न देता उपचारात सहभागी करून घेतले, त्यांनी धीराने मुलीला पुन्हा जेवते केले, तर पुष्कळ मुली बऱ्या होतात. म्हणजे निराशेचे कारण नाही. वेळीच ओळखण्याची मात्र नितांत गरज आहे.

आणि कार्यकर्त्यांनी करण्याजोगी एक गोष्ट कोणत्याही सरकारी आदेशाची वाट पाहत नाही. पुढच्या शिबिरात पंगत बसेल तेव्हा मुली पहिल्या पंगतीला बसाव्यात, त्यांच्या पानात काय पडते आणि पानात काय राहते याकडे कोणाचे तरी मायेने लक्ष असावे, आणि त्यांच्या अंगकाठीविषयी, स्तुतीनेसुद्धा, कोणी एक शब्द काढू नये. भुकेविरुद्धची लढाई रेशनच्या दुकानापुढे सुरू झाली. ती मुलीच्या ताटापर्यंत पोहोचल्याखेरीज पुरी झाली असे म्हणता येणार नाही.